त्रेसष्ट नंबरचं घर

घरोघर पाहणी करणाऱ्या मोजणीबाईंनी ज्याचा फॉर्म भरून आणला, ते त्रेसष्ट नंबरचं घर जागेवर नाही, असा शेरा तपासणीत आला, त्या सकाळी ऑफिसात एकही माणूस त्यांच्या टेबलाशी चहा प्यायला आला नाही. बातमी जिन्यावरून त्यांच्या आधी वर पोचली होती. बुडत्या माणसाशी बोलायची चोरी असते, तशी सगळी कामात डोकं खुपसून बसली होती. ह्यांतल्या निम्म्यांना काम बाईंनीच शिकवलं होतं.

साहेबांनी बसा म्हटलं नाही, तेव्हाच बाईंना पाणी कुठे मुरतंय ते कळलं. साहेबांच्या शेजारी तपासनीस उभी होती. पोरगी हुशार, दोन महिन्यांपूर्वी लागलेली, आणि खोटं बोलायची अजून सवय न झालेली. ती म्हणाली की ती स्वतः दोनदा जाऊन आली. बासष्ट नंबरला कुलूपकिल्ल्यांचं दुकान आणि मागे त्याचं घर. चौसष्टला शाळेतल्या शिपायाचं कुटुंब. मधे पुठ्ठ्याची खोकी बनवायचा कारखाना. तिथल्या मुकादमाने हात जोडून सांगितलं, इथे कुणी राहत नाही, राहायची परवानगीच नाही.

"घर आहे," मोजणीबाई म्हणाल्या.

"मग दाखवा," साहेब म्हणाले. उद्या बारा वाजता दोघींनी जायचं. घर निघालं तर उत्तम. नाही निघालं तर बाईंचे त्या वस्तीतले वीसच्या वीस फॉर्म रद्द, आणि बनावट फॉर्म भरणाऱ्यांच्या यादीत नाव. ती यादी सगळ्या संस्थांकडे जाते. चोपन्नाव्या वर्षी त्या यादीत जाणं म्हणजे काय, ते साहेबांनी सांगितलं नाही. गरजच नव्हती.

आता हे काम काय असतं ते सांगायला हवं, कारण लोकांना वाटतं, दारोदार फिरायचं आणि चकाट्या पिटायच्या. शहरात लाखो घरं. सगळ्यांना विचारत बसलं तर शेवटच्या घराशी पोचेपर्यंत पहिल्या घरातलं बाळ शाळेत जाईल. म्हणून थोडी निवडायची. शितावरून भाताची परीक्षा. पण वरवरचं शीत चाचपलं तर तळाला लागलेलं कळत नाही, आणि माणसाचा हात नेहमी वरच जातो. आपण निवडायला गेलो की रस्त्यावरची, तळमजल्यावरची, हसून या म्हणणारी घरं निवडतो. म्हणून निवड आपल्या हातात ठेवायचीच नाही. आधी सगळ्या वस्तीची यादी करायची. उजवा हात भिंतीला ठेवून चालायला लागायचं, बोळ आला की आत, जिना आला की वर, प्रत्येक दारावर खडूने आकडा. मग ऑफिसात चिठ्ठी काढायची. ह्या वेळी निघाला तीनचा आकडा. तिसरं घर, आणि तिथून पुढे दर बारावं: पंधरा, सत्तावीस, एकोणचाळीस, एक्कावन्न, त्रेसष्ट. अशी वीस. निवडलेल्या घराला कुलूप असलं तर पुन्हा जायचं, वेगळ्या वेळी, तीनदा. शेजारचं दार वाजवायचं नाही.

हे शेवटचं वाक्य सगळे पाठ म्हणतात आणि दहातले नऊ मोडतात. ऊन असतं, पाय दुखतात, शेजारीण दारातच उभी असते, बोलायला मोकळी असते. कोण बघतंय? मोजणीबाईंनी सव्वीस वर्षांत ते एकदाही केलं नव्हतं. त्या काही साध्वी नव्हत्या. ऑफिसातल्या पेन्सिली त्या घरी नेत, आणि नणंदेशी महिनामहिना अबोला धरत. पण निवडलेलं घर सोडायचं नाही, हे त्यांच्या अंगात भिनलं होतं, जसं काहींच्या अंगात दात घासणं भिनतं.

आणि उजवा हात भिंतीला धरून त्या कारखान्याच्या आवारात शिरल्या होत्या. दुसरं कुणी शिरलंच नसतं. फाटकावर पाटी, आत यंत्राचा आवाज, पुढे चला. बाईंनी वर पाहिलं. माळ्याच्या खिडकीत उशीचे दोन अभ्रे वाळत होते. कारखाना उशीचे अभ्रे धूत नाही. त्यांनी लोखंडी शिडीच्या कठड्यावर खडूने त्रेसष्ट लिहिलं आणि पुढे गेल्या. आठवड्याने निवडीत नेमका तोच आकडा आला.

वर एक बाई राहत होती. खाली खोकी चिकटवायची, वर म्हाताऱ्या आईला सांभाळायची. आईला उठता येत नव्हतं. मुकादमाने मालकाच्या नकळत तिला माळा दिला होता. मालकाला कळलं तर मुकादमाची नोकरी आणि ह्या दोघींचं छप्पर एकाच दिवशी जाणार. दोन फेऱ्यांना त्या खोकीवालीने दार उघडलंच नाही. तिसऱ्या फेरीला फटीतून विचारलं, हे कुणाला सांगणार? मोजणीबाई म्हणाल्या, कुणालाही नाही. कागदावर नाव नसतं, आकडा असतो. शब्द दिला म्हणून दार उघडलं. पाहणी आजारपणाची होती: घरात कुणी पडलं तर लोक काय करतात. बाकीच्या घरांना ह्या प्रश्नांना वीस मिनिटं लागली. हिने पाऊण तास घेतला, आणि शेवटी म्हणाली की हे तिला आजवर कुणीच विचारलेलं नाही.

आता घर दाखवायचं म्हणजे ती शिडी दाखवायची.

संध्याकाळी जेवताना त्यांनी हे घरी सांगितलं. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. एरवी तो म्हणे, लोक मला बंद घड्याळं देतात आणि तुला बंद घरं, पण त्या दिवशी त्याला विनोद सुचला नाही. तो म्हणाला, तपासनीस काही पोलीस नाही, दाखव आणि मोकळी हो. ती तरी कशाला बोभाटा करेल? बाई म्हणाल्या, ती करणार नाही, पण मुकादमासमोर आणि आठ-दहा कामगारांसमोर शिडीकडे बोट दाखवलं तर बोभाटा व्हायला वेगळं कुणी लागत नाही.

"मग आधी जाऊन तिला विचार."

तेही करता येत नव्हतं. तपासणी लागली की मोजणाऱ्याने त्या घराकडे फिरकायचं नाही. पढवून ठेवल्याचा संशय येतो. इकडे आड तिकडे विहीर, आणि दोन्ही नियम बाईंनीच नव्या लोकांना घोकून घेतलेले.

नणंद इतका वेळ गप्प होती, ती तिची तब्येत बरी नसल्याची खूण. मग तिने ताट सरकवलं. "दुसऱ्यांच्या घरात किती माणसं ते विचारत गावभर फिरतेस वहिनी, घरात मीठ संपलंय ते तुला माहीत नसतं. पण शब्द दिलायस ना? मग दादाचं ऐकू नकोस. त्याने आयुष्यात एकच शब्द दिला, तो लग्नात, आणि तोही त्याला भटजींनी सांगितला होता."

नवरा म्हणाला, नोकरी हिची जाणार आहे, तुझी नाही. बाईंनी जेवण पूर्ण केलं, कारण अन्न टाकून देण्याइतकी वाईट त्यांची अवस्था अजून झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तपासनीस यादी घेऊन वस्तीच्या तोंडाशी उभीच होती. तिने एक्कावन्नपासून मोजायला सांगितलं. मोजणीबाई भिंतीला हात लावून चालू लागल्या, आकडा मोठ्याने म्हणत. खडू बराच पुसला गेला होता, तरी सत्तावन्नचा सात आणि साठचं शून्य दिसत होतं. एकसष्ट. बासष्ट. कुलूपवाल्याने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा कानस हातात घेतली. मग फाटक. बाई आवारात शिरल्या आणि थांबल्या.

माळ्याच्या खिडकीत अभ्रे नव्हते. आतून पुठ्ठा लावलेला होता. शिडीच्या कठड्यावरचा आकडा कुणीतरी ओल्या फडक्याने पुसला होता, आणि शिडीपुढे खोक्यांची चळत रचली होती.

मुकादम लगबगीने आला. दोनदा सांगितलं ना मॅडम, म्हणाला, आणि मोजणीबाईंकडे त्याने असं पाहिलं की त्यांना मान खाली घालावी लागली. त्या नजरेत राग कमी आणि विनवणी जास्त होती.

"बाई, कुठे ते सांगा," तपासनीस म्हणाली.

"घर आहे. मी यादीत लिहिलंय, तिथेच आहे."

"ते मला माहीत आहे. मला दार हवंय."

"दार मी दाखवणार नाही."

तपासनिसाने पेनचं टोपण काढलं. ती चिडली नव्हती, त्याचीच बाईंना जास्त भीती वाटली. चिडलेल्या माणसाशी भांडता येतं. ती म्हणाली की तिच्या कागदावर तीनच चौकटी आहेत: भेट झाली; घर आहे, माहिती मिळाली नाही; घर नाही. मोजणीबाई दार दाखवणार नसतील तर तिला तिसऱ्या चौकटीत खूण करावी लागेल. बाई म्हणाल्या, करा.

पण पोरगी कामाला पक्की होती. ती आत गेली. लांब टेबलाभोवती आठ बायका बसल्या होत्या, हात खळीने माखलेले. टोकाला खोकीवाली होती. तिने एकदा मान वर केली, मोजणीबाईंना पाहिलं, आणि तिच्या हातातली घडी वाकडी पडली. तपासनिसाने मोजणीबाईंकडे बोट करून प्रत्येकीला विचारलं, ह्यांना कुणी ओळखतं का? एकेक मान हलत गेली. पाच. सहा. सात.

आठवीने मान हलवली नाही. ती नुसती टेबलाकडे पाहत राहिली.

तेव्हा वरून खोकला आला.

साधासुधा नव्हे. छातीच्या तळातून खरवडत आलेला, म्हाताऱ्या माणसाचा, थांबता थांबत नाही असा. टेबलावरचे सोळा हात जागच्या जागी थांबले. खोकीवाली अर्धवट उठली आणि तशीच राहिली, उभी नाही की बसलेली नाही.

"उंदीर," मुकादम म्हणाला. "पुठ्ठ्याला लागतात."

पुन्हा खोकला आला, आणि पाठोपाठ भांडं आपटल्याचा आवाज.

तपासनीस खोक्यांच्या चळतीपाशी गेली. चळत बाजूला केली तर शिडी. तिने एका खोक्यावर हात ठेवला. मोजणीबाईंना वाटलं, आपण ओरडावं, पण काय ओरडणार? वर जाऊ नका, म्हणजेच वर कुणी आहे. त्यांनी ओठ मिटून घेतले. खोकीवालीने डोळे मिटले होते.

तपासनिसाने हात काढून घेतला, रुमालाला पुसला, आणि मुकादमाकडे वळली.

"उंदरांना औषध आणा," ती म्हणाली. "खोकला जुना दिसतोय."

आणि फाटकाबाहेर चालू लागली. मोजणीबाई मागोमाग गेल्या. टोकाशी असलेल्या बाईकडे त्यांनी वळून पाहिलं नाही. ते त्यांना कसंबसं जमलं.

कोपऱ्यावर तपासनीस थांबली. तिने मधल्या चौकटीत खूण केली आणि खाली लिहिलं: आतून माणसाचा आवाज ऐकला, दारापर्यंत पोचता आलं नाही. मग विचारलं, साहेबांनी विचारलं की वर का गेली नाहीस, तर? मोजणीबाई म्हणाल्या, मला विचारलं तर मी जे घडलं तेच सांगेन, तुम्हीही तेच सांगा. तुम्हाला धीर द्यायला मी काही गोड बोलणार नाही, मला ते येत नाही. आणि मग, थोड्या वेळाने, बरं केलंत, एवढं म्हणाल्या.

साहेबांनी तो कागद दोनदा वाचला. मधली चौकट म्हणजे फॉर्म बनावट नाही, बाईंचं नाव कुठल्या यादीत जात नाही. पण ज्याची खात्री झाली नाही तो फॉर्म हिशेबात धरता येत नाही. त्यांनी त्रेसष्ट नंबरच्या फॉर्मवर लाल रेघ मारली. माळ्यावरचा तो पाऊण तास वाया गेला. ज्या बाईला आजवर कुणी विचारलं नव्हतं तिने सांगितलेलं सगळं गेलं. मोजणीबाईंना वाटलं होतं सुटल्याचं समाधान होईल. झालं नाही.

मग साहेब अगदी आपुलकीने म्हणाले, "बाई, बसा. वीस तर पुरे करायलाच हवेत. चौसष्ट नंबर आहे ना, शाळेतला शिपाई? चांगला माणूस आहे, घरी असतो. संध्याकाळी जाऊन या. मी सही करतो."

तपासनीस खिडकीशी उभी होती. बाईंची नुकतीच वाचलेली नोकरी पुन्हा पणाला लागली होती. साहेबांना नाही म्हणणारं माणूस पुढच्या पाहणीला बोलावलं जात नाही, हेही बाईंना सव्वीस वर्षांत चांगलं ठाऊक झालं होतं. आणि शिपायाच्या घरचं आजारपणही खरंच असणार. पण त्याला स्वतःचं दार आहे, पत्ता विचारला तर सांगतो. त्याला माळ्यावरच्या बाईच्या जागी बसवलं की कागदावर माळा नव्हताच.

"चौसष्ट नंबर निवडीत निघालेला नाही," मोजणीबाई म्हणाल्या.

"मग एकोणीसच लिहू?"

"एकोणीस लिहा. आणि विसावी ओळ खोडू नका. आकडा घाला, पुढे काही लिहू नका."

साहेबांनी तक्ता ओढला, विसाव्या ओळीत त्रेसष्ट लिहिलं, पुढच्या अकरा रकान्यांवरून पेन रिकामं फिरवलं, आणि तक्ता सहीसाठी बाईंच्या पुढे सरकवला. त्यांनी सही केली.