चार हाका, चार ओ

“आधी थोरला उठू द्या. धाकट्यांची घाई नको.”

सकाळी ऑफिसात पाऊल टाकलं की पहिलं हे वाक्य कानावर यायचं. मामा कोपऱ्यातल्या मोठ्या कॉम्प्युटरपाशी उभे असायचे, तळवा त्याच्या पत्र्यावर ठेवून, लेकराचा ताप बघावा तसे. आतला पंखा एका लयीत फिरू लागला की हात काढायचे. मग आम्हाला आपापले कॉम्प्युटर सुरू करायची परवानगी मिळायची. कुणी आगाऊपणानं आधीच बटण दाबलं, तर पंगत बसायच्या आत त्यानं लाडू उचलल्यासारखं त्याच्याकडे बघायचे.

तुमच्याही ऑफिसात असा एक माणूस असेल. त्याचं नेमकं पद कुणाला सांगता येत नाही, पण तो रजेवर गेला की सगळ्यांचे हात थांबतात. आमचं ऑफिस गुलमंडीच्या बाजारामागं, एका कापडाच्या दुकानाच्या वर. साहेब आर्किटेक्ट, आणि आम्ही सहाजण त्यांच्या हाताखाली इमारतींचे नकाशे काढणारे. मामा रोज गंगापूरहून एसटीनं यायचे. मूळचे ते ट्रेसिंग पेपरवर शाईनं नकाशे काढणारे. कॉम्प्युटर आले आणि त्यांचं ते काम गेलं. दुसरा कुणी घरी बसला असता. मामांनी ह्याला विचार, त्याला विचार, वहीत लिहून घे, असं करत ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारं जाळं सांभाळायचं काम शिकून घेतलं.

साहेबांचे आजवरचे सगळे नकाशे त्या थोरल्याच्या पोटात होते. आमच्या प्रत्येकाच्या पडद्यावर त्याचं दार ‘झेड’ या नावानं दिसायचं. दार उघडं असलं की काम चालू. झेडवर लाल फुली आली की दार बंद, आणि सहाजण पगारी पाहुणे.

“मामा, मेरा झेड गया,” शबाना बसल्या जागेवरून सांगायची. आमच्यात सगळ्यात भराभर काम तिचं.

“गया नै बेटा, रूठा है. अब्बी मनाते,” मामा म्हणायचे आणि चष्मा कपाळावरून नाकावर घ्यायचे.

मनवण्याचा क्रम ठरलेला. आधी वायर दाबून बघायची. मग भिंतीवरच्या डबीतले दिवे लुकलुकतात का ते बघायचं. मग पडद्यावर काळी खिडकी उघडून थोरल्याचा नंबर टाईप करायचा. यालाच मामा ‘हाक मारणं’ म्हणत. हाक चार वेळा जायची, थोरला जागा असला की चार वेळा उत्तर यायचं.

“चार हाका, चार ओ. जित्ता हाय,” असं म्हणून ते वहीत तारीख, वेळ आणि खोडी लिहीत.

एकदा आमच्यातल्या एकानं हुशारीनं पासवर्ड बदलला आणि झेड उघडेना म्हणून डोक्याला हात लावून बसला. मामा शांतपणे म्हणाले, “कुलूप नवं, किल्ली जुनी. दार उघडंल कसं?” पुढं आठवडाभर ऑफिसात कुठलंही काम अडलं की हेच वाक्य ऐकू यायचं. मामाही हसायचे. थट्टा त्यांना चालायची. थोरल्याजवळ चहाचा कप ठेवलेला मात्र चालायचा नाही.

मी तिथं नवीन लागलो तेव्हा सहा महिने कच्ची नोकरी होती. सिव्हिल इंजिनीअर ऑफिसात मी एकटाच, त्याची थोडी मिजासही होती. मामा मला ‘इंजिनीअरसाहेब’ म्हणत. त्यात टोमणा नव्हता. पोराचं कौतुक करावं तसं ते म्हणत, आणि मला वाटे, हे आपल्या हुद्द्याला धरूनच आहे.

साहेबांनी ऑफिसात वायफाय लावू दिलं नव्हतं. “मोबाईल बघत बसाल,” म्हणायचे. खरंच होतं ते. मी घरचा जुना वायफायचा डबा आणला आणि टेबलाखाली फायलींच्या मागं लपवून वायरीला जोडला. डबा सुरू करताना त्यानं नंबर मागितला. आता ऑफिसातल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर मामांनी त्याच्या त्याच्या नंबराची चिठ्ठी चिकटवली होती, जुन्या नकाशांवरच्या त्या सुरेख अक्षरात. थोरल्यावरची चिठ्ठी सगळ्यात मोठी, दुहेरी चौकटीची. मला वाटलं, मुख्य नंबर हाच, म्हणजे सगळ्यांना हाच द्यायचा असणार. तो मी जसाच्या तसा डब्याला देऊन टाकला. विचारायला मामा चार पावलांवर होते. पण विचारलं असतं तर डबा उघडा पडला असता, आणि इंजिनीअरनं मामांना काय विचारायचं, हेही होतंच.

साहेब साईटवर गेले की मी टेबलाखाली पाय घालून डब्याचं बटण दाबायचो, ते यायच्या वेळेला बंद करायचो. आणि त्याच आठवड्यापासून झेड पडायला लागला. कधी दहा मिनिटं, कधी तासभर. सगळ्यांच्या पडद्यावर लाल फुल्या, माझ्यासुद्धा.

मामांनी वायरी बदलल्या. भिंतीवरची डबी उतरवून पुसली. जेवण सोडून टेबलांखाली रांगले. माझ्या टेबलाखालीही वाकणार होते. मी म्हणालो, “मामा, इथं माझ्या फायली लावलेल्या आहेत, विस्कटतील.” ते लगेच मागं सरले. “राहू द्या, राहू द्या,” म्हणाले.

वहीतल्या वेळा बघून एकदा त्यांनी शोध लावला. “साहेब साईटवर गेले की थोरल्याला करमत नाय.” सगळे हसले. मी जरा जास्तच हसलो. त्या वाक्यात उत्तर होतं, आणि मला तरी ते कळायला हवं होतं. नंतर एके दुपारी ते काळ्या खिडकीसमोर बराच वेळ बसून होते. माझ्याकडे वळून म्हणाले, “इंजिनीअरसाहेब, हाक मारली तर ओ येती. पण दार उघडत नाय. घरात दुसराच कुणी बसून ओ देतोय काय?”

“मामा, कॉम्प्युटरला भूतबाधा होत नसते,” मी म्हणालो.

मग चितेगावच्या एका कारखान्याच्या शेडचा नकाशा, शबानाची तीन दिवसांची मेहनत, साठवता साठवता झेड पडल्यानं पार बिघडून गेला. दुसऱ्या दिवशी मालक बघायला येणार होते. साहेबांना त्यांना येऊ नका म्हणून सांगावं लागलं. संध्याकाळी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. “तू शिकलेला आहेस. खरं सांग, काय वाटतं तुला?”

मी म्हणालो, “साहेब, मामांना हे आता झेपत नाही.”

कुणी माझ्या तोंडी ते वाक्य घातलं नव्हतं. तेव्हा मला डब्याचं कळलं नव्हतं, हे खरं. पण मला काहीच कळत नव्हतं, हेही तितकंच खरं, आणि ते न सांगता मी हे सांगितलं.

शनिवारी साहेबांनी मामांना आराम करायला सांगितलं. चांगल्या शब्दांतच सांगितलं. मामांनी वही साहेबांच्या टेबलावर ठेवली, फडकं घेऊन थोरला पुसला, फडकं धुऊन खिडकीत वाळत घातलं. जाताना माझ्यापाशी थांबले. “आता तुमीच बघा ह्याच्याकडं,” एवढंच म्हणाले. मी मान हलवली.

सोमवारी एका एजन्सीचा माणूस सगळं तपासायला येणार होता. तो टेबलाखाली वाकलाच असता. म्हणून मी सकाळी लवकर जाऊन डबा पिशवीत घातला. एजन्सीच्या माणसानं तासभर खुडबुड केली आणि सांगितलं, “काहीच बिघाड नाही, साहेब.” त्या दिवशी झेड पडला नाही. दुसऱ्या दिवशी नाही. पुढं कधीच नाही.

सोमवारी संध्याकाळी घरी तो डबा पुन्हा जोडताना त्याचा नंबर माझ्या पडद्यावर आला. दुहेरी चौकटीतला, थोरल्याचाच नंबर. एका नंबराची दोन घरं झाली होती, आणि थोरल्याला मारलेली हाक डब्याकडे जात होती. ओ कोण देत होतं, ते मामांनी मला बरोबर सांगितलं होतं.

चार दिवसांनी साहेब म्हणाले, “मामांचाच हात कुठंतरी लागत होता म्हणायचा.” सगळ्यांनी माना डोलावल्या. शबानानं नाही. पण तिच्यापाशी बोलायला काही नव्हतं, आणि ज्याच्यापाशी होतं तो गप्प बसला. नोकरी पक्की होऊ दे, मग सांगू, असं मी मनाशी म्हटलं. नोकरी पक्की झाली. मग वाटलं, आता इतक्या दिवसांनी काय सांगायचं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. कुणी ‘झेड’ म्हटलं तरी मला साहेबांच्या केबिनकडे बघवत नसे.

वर्षभरानं प्लॉटच्या मोजणीसाठी गंगापूरला जाणं झालं. काम दहाच्या आत आटोपलं. विचारत विचारत मामांच्या घरी गेलो. मला बघून त्यांना आनंद झाला. “आबा, कोण आलंय?” म्हणत डोकावलेल्या सुनेला चहा टाकायला सांगितलं, एकेकाची चौकशी केली, थोरल्याचीही केली. मग आपणहून म्हणाले, “हितल्या शाळेत धा कॉम्प्युटर आलेत. हेडमास्तर दोनदा येऊन गेले, मामा बघता का म्हणून. मी नाय म्हणलो. माझ्या हातानं बिघडतंय. उगं लेकरांचं नुकसान नको.”

तेव्हा मी सगळं सांगितलं. डबा, चिठ्ठी, नंबर, साहेबांपाशी बोललेलं वाक्य, सगळं. सांगून झाल्यावर मामा आपल्या दोन्ही हातांकडे बघत म्हणाले, “म्हंजी माझ्या हातानं नव्हतं.”

“नव्हतं, मामा.”

त्यांचा चेहरा इतका मोकळा झाला, की मला वाटलं, सुटलो. मी चहाचा घोटही घेतला.

“साहेबांस्नी सांगितलं?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“शबानाला?”

“नाही.”

ते उठले. मग माझ्या हातातला कप घेतला, तो अजून अर्धा होता, आणि आत गेले. मी बाहेरच्या खोलीत वाट बघत राहिलो. आत भांड्याचा आवाज झाला, मग तोही थांबला. अकराचा सुमार असेल. बऱ्याच वेळानं सून दाराशी आली. पदर सारखा करत, माझ्याकडे न बघता म्हणाली, “आबा निजलेत, असं सांग म्हणले.”