माळावरची वेडी बाभूळ

तंजावूरहून वल्लमकडे जाताना तांबड्या मुरमाचा माळ लागे. माझ्या लहानपणी तिथं कमरेएवढी झुडपंच होती: तरवड, करवंद, बोर. पुढं सरपणासाठी म्हणून सरकारी योजनेत वेडी बाभूळ पेरली गेली. मी कचेरीत नोकरीला लागले तोवर तिचं काटेरी रान झालं होतं. खाली गवतसुद्धा उगवत नसे.

माझे थोरले भाऊ, अण्णा, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. बाभूळ काढली तर झुडपं परत येतील, म्हणून त्यांनी पंचायतीकडून माळाचा एक तुकडा मागून घेतला. रविवारी त्यांचे विद्यार्थी येत, मीही जाई. गावातली एक विधवा बाई तोडलेल्या लाकडाचा कोळसा पाडून विके. नुसतं खोड तोडलं की बुंधा पुन्हा फुटे. त्यामुळं पहारीनं मुळंच उपटावी लागत. दुसऱ्या वर्षी तरवड फुलली. अण्णा त्या पिवळ्या फुलांपाशी उकिडवे बसून राहिले, जेवायलाही उठेनात.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, मूळ उपटताना वाकवून धरलेली फांदी सुटली आणि काटा त्यांच्या डाव्या डोळ्यात घुसला.

मी हात पुढं केला तशी ते ओरडले, "अगे, ओढूं नको! डॉक्टर काढील."

टाउनबसमधून त्यांना इस्पितळात नेलं. पू झाला. शेवटी डोळाच काढावा लागला. विद्यार्थ्यांच्या आईबापांनी मुलांना पाठवणं बंद केलं. अण्णा मात्र पट्टी सुटताच माळावर गेले. एका डोळ्यानं अंदाज चुके, पहार दगडावर आपटे. मी फांद्या दोरीनं बांधून धरत असे.

खासगी कॉलेजं निघू लागली ते हे दिवस. तो माळ कॉलेज बांधायला एका ट्रस्टला गेला. बुलडोझर आला तेव्हा आम्ही तिघंच तिथं होतो. बाभूळ, तरवड, करवंद, सगळं एका ढिगात गेलं.

"मुळासकट काढलं हो यांनी," कोळशेवाली तमिळमध्ये म्हणाली आणि रडू लागली. तिची भट्टीही त्या ढिगाखालीच होती.

अण्णांनी पहार खांद्यावर घेतली. "चल, बस जाईल," एवढंच म्हणाले.

पुढं त्या माळावर कॉलेजनं हिरवळ लावली. अण्णांना तिथं व्याख्यानाला बोलावलं होतं. ते गेले नाहीत.