सकाळचा चहा कोणी केला?

नगरमध्ये मी भूलतज्ज्ञ म्हणून स्वतंत्र प्रॅक्टिस सुरू केली, तेव्हा माझा दवाखाना म्हणजे गाडीची डिकी होती. नळ्या, औषधं, मॉनिटर, सगळं त्यात. आज कोल्हार, उद्या सोनई. ज्या सर्जनचा फोन येईल तिकडे. फोन थांबला की प्रॅक्टिस संपली. म्हणून मी गप्प राहावं, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. मला ते कधी जमलं नाही.

सोनईकडचे एक सर्जन मला सर्वांत जास्त काम देत. एकदा त्यांच्याकडे हर्नियाची एक तरुण बाई टेबलावर होती. पोट रिकामं नसलं तर भुलीत उलटी होऊन फुप्फुसात जाते आणि माणूस हातचा जातो. पण "काही खाल्लंय का?" विचारलं की आपल्याकडे "न्हाई" असंच उत्तर येतं, कारण चहा कोणी खाण्यात धरतच नाही. म्हणून मी बाहेर जाऊन तिच्या सासूला माझा नेहमीचा प्रश्न विचारला, "सकाळी चहा कोणी केला?"

"म्याच केला की," म्हातारी कौतुकानं म्हणाली. "दुधाचा. दोन टोस बुडवून दिले. कापाकापीला उपाशी कसं धाडायचं, बाई?"

मी आत येऊन बॅग बंद केली. सर्जन हातमोजे घालून तयार होते.

"मॅडम, एवढ्यानं काही होत नाही. बाकीचे देतात भूल."

"मग त्यांना बोलवा. मी संध्याकाळपर्यंत थांबेन, पण आत्ता देणार नाही."

"पुन्हा माझा फोन येणार नाही."

"नका करू."

संध्याकाळी भूल दिली, ऑपरेशन नीट झालं. फोन मात्र खरंच बंद झाला. कित्येक महिने गाडी दारात उभी असायची. मी घाबरले होते, पण माफी मागायला गेले नाही. कशाची मागायची?

मागच्या वर्षी त्यांच्या मुलाचा फोन आला. बाबांचं पित्ताशयाचं ऑपरेशन आहे, भूल तुम्हीच द्यायची म्हणून ते हटून बसलेत. मला आनंद झाला, लपवू कशाला?

टेबलावरून ते आपणहून म्हणाले, "काही घेतलेलं नाही." मी मान डोलावली आणि बाहेर त्यांच्या पत्नीकडे गेले.

"वहिनी, सकाळी चहा कोणी केला?"

"मीच. अर्धाच कप हो, त्यांना चहाशिवाय होत नाही."

मी आत आले, बॅग बंद केली. "संध्याकाळी," मी म्हणाले. "घाई असेल तर दुसऱ्या कोणाला बोलवा."

ते टेबलावर उठून बसले. मग म्हणाले, "दुसरं कोणी नको. थांबतो मी."