ओरिजिनल, कॉपी आणि आमचा कुडव्याचा क्लब

राइस मिलच्या गोडाउनात कोंडा साचतो, तसे आमच्या कुडवा गावच्या शूटिंग क्लबात किस्से साचतात. साचणारच, क्लब बंद पडलेल्या मिलच्या गोडाउनातच आहे! यातले बरेचसे एकाच भांडणाचे: एअर पिस्तूल ओरिजिनल घ्यायचं, की हुबेहूब तशीच दिसणारी स्वस्तातली कॉपी?

आमच्या क्लबातल्या पौर्णिमाची नागपूरची निवड स्पर्धा जवळ आली होती. दुकानदाराने दोन्ही पिस्तुलं ट्रायलला दिली. दसऱ्यानंतर एक परत करायचं. सेक्रेटरी बिसेनकाका कॉपीच्या बाजूचे. "दिसाले सारखंच हाय, मंग कायले फालतू खर्च?"

कोच मेश्राम मॅडम म्हणाल्या, "काका, जुळे भाऊ बी दिसाले सारखेच रायतेत. एक पोलिसात, दुसरा फरार!"

*

मग काकांनी स्वतः कॉपी चालवली. छर्रा त्यांच्या कागदाला लागलाच नाही. शेजारच्या राजूच्या कागदावर मात्र मधोमध भोक! काका खूश. "पाहा, दहापैकी दहा!"

"काका, तो माझा कागद हाय!"

"मंग फुकटात दहा भेटले तुले, रडून काऊन राहिला?"

*

दोन दिवसांत कॉपीची साइट, म्हणजे नेम धरायची खूण, ढिली झाली. राजूने सायकलची ट्यूब कापून ती आवळून बांधली. मॅडमनी कपाळाला हात लावला.

"मॅडम, आता हे बी ओरिजिनल झालं," राजू म्हणाला. "असा पीस जगात दुसरा भेटन नाही!"

*

हसत होतो सगळे, पण पौर्णिमाचा जीव टांगणीला लागला होता. ओरिजिनलने तिचे छर्रे एकाच भोकात जात, कॉपीने कागदभर पांगत. मला फार वाईट वाटायचं.

दसऱ्याला शस्त्रपूजा. काकांनी पाटावर कॉपी मांडली आणि ओरिजिनल परत पाठवायला डब्यात भरलं. पौर्णिमाची आई चोरखमारा गावाहून धानाची कामं टाकून आली होती. तिने शांतपणे डबा उघडला. ट्यूबसकट कॉपी आत ठेवली, ओरिजिनल पाटावर घेतलं, हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या.

काका ओरडले, "अवं वहिनी, ते उद्या वापस करायचं हाय!"

"पूजलेलं वापस?" वहिनी त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "भाऊ, पोळ्याले पूजलेला बैल दुसऱ्या दिवशी बाजारात नेता का तुमी?"

काका एकदा पाटाकडे बघतात, एकदा वहिनींकडे. पूजापाठ मानत नसल्याने अशा वेळी नेहमी बाहेर थांबणाऱ्या मेश्राम मॅडम आत आल्या आणि त्यांनी काकांच्या हातात नारळ दिला.

"फोडा काका!"