मीठ चाटणाऱ्या बैलाचं गाणं

मस्कतमधल्या रुवीतल्या आमच्या हॉस्पिटलात कुणी ‘सिस्टर’ अशी हाक मारली की मान मी वर करायची. नोकरीच तशी माझी. पण ती आल्यापासून सगळा घोळच झाला. हाक आली की खिडकीजवळच्या बेडवरून ही उंचच उंच, काळीभोर बाई उठायची आणि सलाइनचा स्टँड ढकलत माझ्याआधी तिथे हजर व्हायची. कारण तीही सिस्टर. मिशनमधली नन, आणि तिच्या गावात नर्सही तीच.

“अहो, पेशंट कोण? तुम्ही की मी?” एकदा मी तडकलेच.

“हाक आली ना,” ती म्हणाली आणि शेजारच्या बेडवरच्या, इब्रा गावाहून आलेल्या ओमानी आजीबाईंची उशी नीट करून देऊ लागली. आजीबाई तिच्यावर खूश. दोघींचं अरबी एकमेकींना निम्मंच कळायचं, पण गप्पा गुरांच्या असायच्या, त्यामुळे काही अडत नव्हतं.

ती दक्षिण सुदानची. डिंका जमातीची. खरं सांगते, डिंका म्हटल्यावर मला आधी डिंकाचे लाडूच आठवले. आमचे सर्जन गोव्याचे. सुट्टी काढून ते तिच्या मिशनच्या दवाखान्यात ऑपरेशनं करायला जायचे. तिथे त्यांनी तिच्या गळ्यावरची गाठ पाहिली, चांगली लहान नारळाएवढी, आणि तिला मस्कतला घेऊन आले. बोलताना तिला धाप लागायची. डॉक्टरांनी माझ्यासमोरच तिला स्पष्ट सांगितलं, “काढली नाही तर श्वास कोंडेल. पण आवाजाची नस तिला चिकटलेली दिसतेय. आवाज राहीलच असं मी सांगू शकत नाही.”

तिने एवढंच विचारलं, “म्हणजे गाता येणार नाही?”

मला रागच आला. इथे जिवाशी गाठ आहे आणि हिला गाण्याचं पडलंय! बीपी घेता घेता मी तसं बोलूनही दाखवलं. ती हसली आणि मला सांगायला लागली.

तिच्याकडे पुरुष आपापल्या बैलावर गाणं रचतो. त्याचा रंग, त्याची शिंगं, त्याची चाल, सगळं गाण्यात. ती नव्याने दवाखान्यात आली तेव्हा जुलाबाने मुलं जायची. मीठ-साखरेचं पाणी कसं करायचं ते ती आयांना समजावून दमली. बायका माना डोलवायच्या, घरी जाऊन विसरायच्या. मग एक दिवस तिने मिशनच्या वाकड्या शिंगाच्या बैलावर गाणं रचलं. बैल इतकं पाणी प्यायला, मग एवढंसं मीठ चाटलं, मग इतकं गोड गवत खाल्लं. ननबाई बैलाचं गाणं म्हणतेय! बायका हसून हसून लोळल्या. पण दुसऱ्या दिवशी पाणी भरताना तेच गाणं गुणगुणत होत्या. पुढे मिशनच्या शाळेतल्या मुली पहिली अक्षरं शिकल्या तीही त्याच गाण्यावरून. ताप, बाळंतपण, हात धुणं, प्रत्येकाचं तिने एकेक गाणं केलं. दर आठवड्याला झाडाखाली बायका जमायच्या, पहिली ओळ ती म्हणायची, मागून सगळ्या.

“पहिली ओळ कायम मीच म्हणते,” ती म्हणाली. “आवाज गेला तर तिथे जाऊन मी करू काय?”

माझ्या हातातला बीपीचा पट्टा तसाच राहिला. मी इतकी वर्षं पेशंटना कागद वाटतेय, काय खा, काय खाऊ नका. ते कागद बिचारे लिफ्टजवळच्या डब्यात पडलेले असतात. आणि या बाईने वाकड्या शिंगाच्या बैलाला डॉक्टर करून ठेवलं होतं! त्या दिवशी वादी अदाईला घरी जाताना टॅक्सीत मी तिच्यासाठी गणपतीला साकडं घातलं. ननसाठी गणपतीला, हो! दुसरं कोण होतं माझ्या ओळखीचं?

ऑपरेशन झालं, गाठ निघाली. तिला शुद्ध आली, तोंड उघडलं, तर नुसती हवा. दुसऱ्या दिवशीही तेच. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. आजीबाईंनी पुढे केलेली कॉफीही घेईना.

मग एका दुपारी गावाहून व्हिडिओ कॉल आला. शाळेतल्या मास्तरीण बाईंनी फोन धरला होता. झाडाखाली सगळ्या बायका, मांडीवर पोरं. त्या तिच्या ओळीची वाट बघत होत्या. हिने श्वास घेतला, ओठ हलवले. काहीच नाही. पुन्हा प्रयत्न केला. “खलास, पुरे आता,” म्हणत मी फोन घ्यायला गेले, तर तिने माझं मनगट घट्ट धरलं.

तिकडे कडेवर पोर घेतलेली एक बाई उभी राहिली. चाचरत, पट्टी चुकवत तिने पहिली ओळ म्हटली. मागून सगळ्यांनी उचलली. शेवटी त्या बाईने काहीतरी आपल्या पदरचं जोडलं आणि झाडाखाली एकच हशा पिकला. ही पण हसायला लागली, गळ्याचं बँडेज धरून, डोळ्यांतून धारा.

“काय म्हणाली?” मी विचारलं.

मी कान तिच्या ओठांशी नेला. “म्हणते, बैल दमलाय, त्याला बसू द्या. मीठ आता आम्ही वाटतो.”

मी ढसाढसा रडले. लाज नाही वाटली. आजीबाईंना काही कळलं नव्हतं, तरी त्याही डोळे पुसत होत्या.

तेवढ्यात डॉक्टर राउंडला आले. “काय सिस्टर, आवाज कुठे आहे?”

तिने फोनकडे बोट दाखवलं. तिकडे गाणं अजून चालूच होतं.