पार्सलने आलेली गोधडी

डोंबिवलीला आमच्या बिल्डिंगखाली कापडाचं एक छोटंसं दुकान होतं. ते चालवणाऱ्या बाईंना सगळे मावशीच म्हणायचे. माझं पहिलं बाळंतपण झालं तेव्हा बाळाची दुपटी त्यांनी स्वतः शिवून दिली होती. गोधडी मात्र मी मासिकातली जाहिरात बघून पोस्टाने मागवली. गडद निळी, वर पांढरी बदकं. मावशींकडे तसली नव्हती.

पोस्टमन पार्सल घेऊन आला ते मावशींनी पाहिलं होतं. “काय गं आलं?” त्यांनी विचारलं.

“नणंदेने पुस्तकं पाठवलीत,” मी म्हटलं.

गोधडी धुतली असती तर गॅलरीत वाळत घालावी लागली असती, आणि ती खालून दिसली असती. म्हणून तशीच वापरायला काढली.

जानेवारीतली दुपार. मुलगा तीन महिन्यांचा. झोपला होता म्हणून मी तांदूळ निवडत बसलेले. मग उचलायला गेले तर त्याचे ओठ निळे, हनुवटी निळी, दोन्ही मुठी निळ्या.

लहानपणी कोपरीला आमच्या शेजारच्या घरात असंच एक बाळ मी पाहिलं होतं. त्याच्या हृदयाला भोक होतं. ते वाचलं नाही.

मी मुलाला उचललं आणि जिना उतरले. दार लावलं की नाही, आठवत नाही. समोरच्या दवाखान्याला कुलूप होतं. डॉक्टर पाचला यायचे.

“अगं, चप्पल कुठंय तुझी?” मावशी दुकानातून बाहेर आल्या.

“बाळ निळं पडलंय हो!” एवढंच मला बोलता आलं.

त्यांनी मुलाला माझ्या हातातून घेतलं आणि आधी त्याचे मोजे ओढून काढले. पावलं गुलाबी होती. त्यांनी मलमलीचा तुकडा तांब्यातल्या पाण्यात बुडवला आणि त्याची हनुवटी पुसली. तुकडा निळा झाला.

“रंग आहे हा. कशात गुंडाळलं होतंस?”

“गोधडीत. पोस्टाने मागवलेली.” मी रडायलाच लागले. “मी खोटं बोलले तुमच्याशी.”

“ते राहू दे. तोंडात गेलंय का त्याच्या?”

त्याला काहीही चोखायची सवय होती. पोटात रंग गेला असणार. मावशींनी भरदुपारी शटर ओढलं, रिक्षा थांबवली आणि आम्ही डॉक्टरांच्या घरी गेलो. त्यांनी नीट तपासलं. घाबरण्यासारखं काही नाही, दोन दिवस लक्ष ठेवा, म्हणाले.

येताना मावशी म्हणाल्या, “बदकांची हवी होती, तर सांगायचंस गं. मी शिवून दिली असती.”



ते दोन दिवस मी त्याची नखं उजेडात धरून बघत राहिले. तो दूध प्यायला लागला की श्वास मोजायचे. तिसऱ्या दिवशी दुकानात गेले आणि मावशींकडून साधी, चौकड्यांची गोधडी घेतली. त्यांनी ती आधीच दोनदा धुतली होती. तरीही पुढचे कित्येक दिवस तो झोपला की मी कामं टाकून त्याच्या उशाशी बसून राहायचे.