एक्सरेत सापडलेली

आमच्याकडे तीन महिने होईपर्यंत दिवस गेल्याची वाच्यता करायची नाही. दृष्ट लागते म्हणे. मला दुसरा महिना होता नि ते ठाऊक फक्त सासूबाईंना आणि मुंबईत नोकरीला असलेल्या नवऱ्याला.

तेव्हाच सासूबाई शेवाळलेल्या चिऱ्यावरून घसरल्या. लांज्याहून त्यांना रत्नागिरीला आणलं तर गाडीत अर्धी वाडी. आमचा माणूस एकटा दवाखान्यात जाईल तर शपथ. कमरेचा फोटो काढताना त्यांना धरायला कोण, तर सून. एक्सरेवाल्याने मला सरळच विचारलं, दिवस वगैरे नाहीत ना, असतील तर दुसरं कुणी थांबा, गर्भाला ही किरणं नकोत. मी तोंड उघडायच्या आत टेबलावरून आवाज आला,

"नाय हो, काय नाय तिला."

दारात शेजारणी उभ्या होत्या ना! कण्हतानासुद्धा बाईंना दृष्टीची काळजी. नव्या सुनेने सासूला खोटं कसं पाडायचं? शिशाचा तो जड एप्रन अंगावर चढवून मी त्यांना धरून उभी राहिले.

पुढे बातमी फुटली आणि शेजारणींना तो फोटो आठवला. झालं! मूल वेडंवाकडं होणार, हे वाडीने ठरवूनच टाकलं. नवरा फोनवर म्हणाला, काढून टाकू, उगाच धोका कशाला. काढून टाकू म्हणे, काय दाढ होती ती? मी एकटीच डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, किरणं सासूच्या कमरेवर होती, तुम्ही बाजूला, वर एप्रन. पोटापर्यंत पोचली असतील ती नगण्य, एवढ्यासाठी मूल पाडायचं काही कारण नाही. पण पुढच्या वेळी आधी सांगा, आणि काम नसेल तर त्या खोलीत थांबूच नका. घरी कुणाला पटलं नाही. मी हट्टाने मूल ठेवलं.

पोरगी धडधाकट झाली. पण चष्मा लागला, एक्सरेत सापडलेली. गणितात मार्क कमी पडले, एक्सरेत सापडलेली. आणि हे बोलणार कोण, तर टेबलावरून नाय म्हणणारी बाई! पोटुशीपणी ग्रहण पाळतात तशी तेव्हा किरणं पाळली असती तर माझी काही तक्रार नव्हती. गेल्या महिन्यात पोरीने मला विचारलं,

"आई, मी आतून खराब आहे का गं?"



गेल्या आठवड्यात सासूबाईंच्या गुडघ्याचा फोटो होता. सुट्टी म्हणून पोरगीही सोबत आलेली, बाकी वाडी होतीच. धरायला मलाच पुढे केलं. पुन्हा तोच प्रश्न आला आणि सासूबाईंनी पुन्हा तोंड उघडलं. ह्या वेळी मी आधी बोलले.

"आहेत. मी थांबणार नाही."

खरं तर दिवस नव्हते.  सासूबाईंना धरायला एप्रन घालून शेजारीण आत गेली आणि मी बाहेर बाकावर पोरीशेजारी जाऊन बसले.